डोक्याला मार बसलेला खेळाडू लगेच उठला, तरी त्याचा खेळ थांबवायलाच हवा

मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातील माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजाराइतकेच कुस्त्यांच्या दंगलीचेही या यात्रेला आकर्षण असते. एरवी वर्षभर तालुक्यातील शाळांच्या मैदानांवर कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटचे सामने रंगतात. या साऱ्या खेळांत एक प्रसंग वारंवार घडतो. पकडीत सापडलेल्या चढाईपटूच्या कानशिलावर कोणाचा तरी गुडघा बसतो, खांबाकडे झेपावलेली मुलगी खांबावर आदळते किंवा उचलून टाकलेल्या पैलवानाचे डोके पाठीच्या आधी जमिनीला लागते. खेळाडू क्षणभर गोंधळतो, मग माती झटकून उभा राहतो आणि 'काही झाले नाही' असे सांगून पुन्हा खेळू लागतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

वैद्यकीयदृष्ट्या मात्र हाच क्षण नाजूक असतो. त्या क्षणी निर्णय घेणारी व्यक्ती बहुधा डॉक्टर नसते. ती पंच, क्रीडाशिक्षक, वस्ताद किंवा संघातील एखादा मोठा मुलगा असते. या व्यक्तीला फारसे वैद्यकीय ज्ञान लागत नाही. कोणाला बाहेर बसवायचे आणि कोणाला तातडीने रुग्णालयात न्यायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे तिला ठाऊक असली तरी बरेच अनर्थ टळू शकतात.

हादरा म्हणजे नेमके काय?

डोक्याला, चेहऱ्याला, मानेला किंवा शरीरावर अन्यत्र बसलेल्या जोरदार धक्क्यामुळे मेंदूला हादरा बसतो आणि त्याचे काम काही काळ बिघडते. या स्थितीला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. कवटीच्या आत तो द्रवाच्या वेढ्यात असतो. डोके एकाएकी थांबले वा गर्रकन वळले की आतला मेंदूही ताणला आणि पिळला जातो. पेशींमधील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा समतोल पूर्ववत करण्यासाठी पेशींना एकाएकी अधिक ऊर्जा लागते, पण नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. मागणी आणि पुरवठा यांतील ही तफावत भरून निघेपर्यंत मेंदू दुबळा राहतो.

हा बिघाड रचनेचा नसून कार्याचा असतो. म्हणूनच केवळ हादरा बसलेल्या बहुतेक मुलांचा सीटी स्कॅन निर्दोष येतो. 'स्कॅन नॉर्मल आहे' याचा अर्थ कवटीत रक्तस्राव किंवा अस्थिभंग दिसत नाही, एवढाच. मुलगा खेळण्यास योग्य आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

बेशुद्ध पडल्याशिवाय मेंदूला हादरा बसत नाही, हाही एक रूढ गैरसमज आहे. खेळातील अशा दुखापतींत बेशुद्धी येण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमीच आढळते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे, तोल जाणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, चेहरा निर्विकार होणे, विनाकारण रडणे अथवा चिडणे ही लक्षणे अधिक आढळतात. यांपैकी काही लक्षणे लगेच दिसतात, काही मात्र तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशीही उमटतात.

दोन वेगळे धोके

डोक्याला मार बसल्यावर दोन निराळ्या शक्यता विचारात घ्याव्या लागतात. पहिली हादऱ्याची. त्यावरचा उपाय म्हणजे खेळ थांबवणे, विश्रांती आणि देखरेख. दुसरी शक्यता कवटीच्या आतील रक्तस्रावाची. ती तुलनेने बरीच दुर्मीळ. पण तेथे प्रत्येक मिनिटाला मोल असते. अडचण अशी की सुरुवातीच्या काही मिनिटांत या दोन्ही अवस्था सारख्याच दिसू शकतात.

भारतीय क्रिकेटरसिकांना याचे दुःखद उदाहरण ठाऊक आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यातील एका क्लब सामन्यात रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करीत होते. फलंदाजाने मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. त्यानंतर मात्र त्यांची प्रकृती झपाट्याने खालावली आणि २३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. भारताकडून कसोटी आणि एकदिवसीय सामने खेळलेल्या या खेळाडूचे वय तेव्हा ३८ होते.

माणूस चालतो, बोलतो आणि काही वेळाने कोसळतो, यामागे कारण असते. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकून ती फाटली, तर कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. जमा झालेले रक्त मेंदूवर पुरेसा दाब आणेपर्यंत माणूस शुद्धीवर आणि वरकरणी ठीक असू शकतो. हा मधला काळ काही मिनिटांचा असतो, तसा काही तासांचाही असतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात. म्हणूनच 'उठून उभा राहिला' हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही.

मैदानावरील पहिली दहा मिनिटे

खेळ तात्काळ थांबवावा. खेळाडू पडलेला असेल, तर त्याला ओढून उभे करू नये. तो बेशुद्ध असेल, मान दुखते असे सांगत असेल किंवा हातापायांना मुंग्या आल्याची तक्रार करीत असेल, तर मानेच्या मणक्यालाही इजा झाली आहे असे गृहीत धरावे. एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे. श्वास चालू आहे की नाही ते पाहावे. श्वास थांबला असेल तर इतर सर्व बाजूला ठेवून छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि रुग्णवाहिका बोलवावी. उलटी होत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवावे. क्रिकेटचे हेल्मेट श्वासाच्या आड येत नसेल, तर ते ओढून काढण्याची घाई करू नये.

ग्रामीण भागात अशा वेळी काही उपाय हमखास होतात. तोंडावर पाण्याचे हबके मारतात, कांदा हुंगवतात, बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओततात. आखाड्यात मान चोळून झटका देण्याची पद्धतही आहे. यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मणक्याला इजा झालेली असताना मानेला दिलेला झटका जन्माचे अपंगत्व आणू शकतो.

खेळाडू शुद्धीवर असेल, तर त्याला बाजूला बसवून साधे प्रश्न विचारावेत. आपण कोणत्या मैदानावर आहोत? सामन्याचा पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गुण कोणी मिळवला? याआधीचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? आपले नाव आणि गाव तर गोंधळलेला मुलगाही सांगू शकतो. म्हणून प्रश्न नुकत्याच घडलेल्या गोष्टींविषयी असावेत. एकही उत्तर अडखळले किंवा वर सांगितलेल्यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. सर्व उत्तरे बरोबर आली, तरी शंका असल्यास हाच नियम लागू होतो.

या तपासणीसाठी जगभरातील क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी एक छोटे ओळखपत्रक तयार केले आहे. खेळातील मेंदूच्या हादऱ्याविषयी तज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ मध्ये व्हिएन्ना येथे भरली. सहावी परिषद ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्यांनाही वापरता येईल अशा त्या पत्रकाचे सार एका वाक्यात सांगता येते : शंका आली की खेळाडूला बाहेर बसवा.

रुग्णालयात केव्हा न्यावे?

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा :

* शुद्ध हरपणे किंवा क्रमाक्रमाने गुंगी वाढत जाणे
* वारंवार उलट्या होणे
* झटके येणे
* डोकेदुखी कमी न होता वाढत जाणे
* एखादा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
* वस्तू दोन-दोन दिसणे किंवा एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे
* नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे
* कानामागे अथवा डोळ्यांभोवती काळेनिळे होणे
* मान दुखणे, हातापायांना मुंग्या येणे
* वागणे विचित्र किंवा आक्रमक होणे

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांसह सुरू झाली. या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, हे तिचे वैशिष्ट्य. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून किंवा जीपच्या मागच्या बाकावर आडवे टाकून नेण्यापेक्षा ही वाट पाहणे सहसा अधिक सुरक्षित ठरते. कारण प्रवासात श्वास अडणे हाच अशा रुग्णांपुढचा मोठा धोका असतो.

लोहा शहर नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. याच रस्त्यावर, नांदेड शहराच्या अलीकडे, विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. लोह्याहून हे अंतर ३० किलोमीटरच्या आसपास भरते. गावातील किंवा तालुक्यातील दवाखान्यात श्वास, रक्तदाब आणि मानेची काळजी घेता येते. कवटीत काय चालले आहे हे पाहण्यासाठी मात्र सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते. त्यामुळे धोक्याची लक्षणे असतील, तर 'आधी सलाईन लावून पाहू' यात तास-दोन तास घालवणे महागात पडते. रुग्ण निघण्यापूर्वीच पुढच्या रुग्णालयाला कळवले आणि मेंदूचे शल्यविशारद उपलब्ध आहेत का, याची खात्री केली, तर दारातून परत फिरण्याची वेळ येत नाही.

सोबत जाणाऱ्याने चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : मार किती वाजता बसला, कसा बसला, शुद्ध हरपली होती का आणि उलट्या किती झाल्या. घटनास्थळी नसलेल्या डॉक्टरांना ही माहिती फार उपयोगी पडते. खर्चाच्या भीतीनेही विलंब होतो. राज्याची आरोग्य विमा योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेडचा समावेश होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने ओळखली जाते आणि तिच्याशी संलग्न रुग्णालयांत मेंदूच्या शस्त्रक्रियांचाही तीत समावेश आहे.

प्रत्येकाला स्कॅन लागतो का?

रुग्णालयात डॉक्टर प्रथम रुग्णाची शुद्ध मोजतात. त्यासाठी १९७४ मध्ये ग्लासगो येथील दोन शल्यविशारदांनी मांडलेले कोष्टक आजही वापरात आहे. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे एकूण १५ गुण असतात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य दुखापत, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. दर थोड्या वेळाने हे गुण पुन्हा मोजले जातात, कारण एका आकड्यापेक्षा त्याची घसरण अधिक सांगून जाते.

सीटी स्कॅनचा आग्रह पालक अनेकदा धरतात. या तपासणीत क्ष-किरणांचा मारा होतो आणि वाढत्या वयात तो शक्य तितका टाळावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर अमेरिकेतील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागून तातडीच्या विभागात आलेल्या, पण शुद्ध जवळपास पूर्ण असलेल्या ४२,४१२ मुलांची त्यात पाहणी झाली. महत्त्वाची मेंदू-दुखापत ३७६ मुलांत, म्हणजे ०.९ टक्के मुलांत आढळली. मेंदूची शस्त्रक्रिया ६० जणांवर करावी लागली. शुद्ध हरपणे, उलट्या, तीव्र डोकेदुखी, बदललेले वागणे, कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाची चिन्हे आणि जबर आघात यांपैकी काहीही नसलेल्या मोठ्या मुलांना स्कॅन सहसा लागत नाही, असे या अभ्यासाने दाखवले. अशा मुलांना काही तास डोळ्यांसमोर ठेवणे हीच योग्य तपासणी ठरते.

घरी पहिले चोवीस तास

डॉक्टरांनी घरी पाठवलेल्या मुलाला पहिले चोवीस तास एकटे सोडू नये. 'डोक्याला लागल्यावर झोपू देऊ नये' ही जुनी समजूत आहे. डॉक्टरांनी तपासले असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल, तर झोप घेण्यास हरकत नाही. झोपेत श्वास नेहमीसारखा आहे ना आणि हाक मारल्यावर तो नीट जागा होतो ना, एवढे पाहावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी व इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, कारण या औषधांमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा येऊ शकतो. झोपेच्या गोळ्या आणि मद्य तर वर्ज्यच.

पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती असावी. घरातल्या घरात फिरणे, सावकाश चालणे चालते. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. पहिल्या दोन दिवसांत मोबाइल आणि दूरचित्रवाणी मात्र कमीत कमी ठेवावी.

दुसरा मार अधिक घातक

हादऱ्यातून न सावरलेल्या मेंदूला दुसरा धक्का बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हा प्रकार दुर्मीळ आहे. पण तो मुख्यत्वे किशोरवयीन आणि तरुण खेळाडूंत नोंदवला गेला आहे आणि बहुधा प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ऑक्टोबर २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड या १३ वर्षांच्या मुलाला शालेय फुटबॉल सामन्यात डोक्याला मार बसला. थोड्या विश्रांतीनंतर तो त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. शस्त्रक्रियेने जीव वाचला. मात्र पुढची अनेक वर्षे पुनर्वसनात गेली. २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला. मेंदूला हादरा बसल्याची शंका आल्यास खेळाडूला तात्काळ बाहेर काढायचे आणि वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, हा त्याचा गाभा. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले. भारतात शालेय खेळांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

क्रिकेटने शोधलेला मार्ग

खेळाडू दुखापत का लपवतो, याचे उत्तर बहुधा नियमांत दडलेले असते. आपण बाहेर गेलो तर संघ एकाने कमी होईल, ही भीती त्याला वाटते. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १ ऑगस्ट २०१९ पासून हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी त्याच प्रकारचा बदली खेळाडू घेण्यास मुभा दिली आणि ही भीती कमी केली. १४ जानेवारी २०२० रोजी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर पॅट कमिन्सचा चेंडू ऋषभ पंतच्या हेल्मेटवर आदळला. त्यानंतर तो यष्टिरक्षणाला उतरला नाही. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरात रवींद्र जडेजाने हेल्मेटवर चेंडू बसल्यानंतरही डाव पूर्ण केला; नंतर त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथे मुंबईकर शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू लागला आणि दुसऱ्या डावात हर्षित राणा खेळला. फलंदाज गोलंदाजाच्या बदलीवरून वाद रंगला; दुबेला डोकेदुखी नंतर जाणवू लागली होती, हे मात्र त्या चर्चेत मागे पडले. हेल्मेट कवटी वाचवते. आतल्या मेंदूला बसणारा हादरा ते पूर्ण रोखू शकत नाही, हेही या प्रसंगांतून दिसते.

मराठवाड्यातील शालेय खेळाडूची अडचण याहून मोठी आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांचा प्रवास तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असा असतो. वरच्या पातळीवर खेळल्यास दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरातील मुलासाठी एक उपांत्य सामना म्हणजे पोलीस भरतीकडे जाणारी वाट असू शकते. अशा मुलाने 'काही झाले नाही' म्हणणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तो निर्णय त्याच्यावर सोपवता येत नाही. तो मोठ्यांनीच घ्यायला हवा आणि त्यात त्याचे नुकसान होणार नाही, हेही पाहायला हवे.

पुन्हा मैदानात केव्हा?

आधी शाळा, मग खेळ असा क्रम आहे. लक्षणे न वाढता वर्गात बसता आले पाहिजे. त्यानंतर चालणे, धावणे, एकट्याने खेळाचा सराव, संघासोबत पण अंगाला अंग न लावता सराव, वैद्यकीय परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना, अशा पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा. लक्षणे वाढली तर थांबून एक पायरी मागे यायचे. प्रौढ बहुधा दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडे लागू शकतात. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार २१ दिवसांच्या आत स्पर्धेत परतता येत नाही. डॉक्टर सहज उपलब्ध नसलेल्या ठिकाणी हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्पर्धा भरवणाऱ्यांना यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. पंचांच्या टेबलावर लक्षणांचे छापील पत्रक, १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक ठळक अक्षरांत, रुग्णवाहिकेला मैदानापर्यंत येण्यास मोकळी वाट आणि खेळाडूला बाहेर बसवण्याचा अंतिम अधिकार असलेली, दोन्ही संघांशी संबंध नसलेली एक व्यक्ती, एवढी तयारी तालुका पातळीवरही शक्य आहे. कबड्डीत राखीव खेळाडू असतोच; त्याला आत घेण्यास एक मिनिटही लागत नाही. आखाड्यात कुस्ती थांबवणाऱ्या पंचाला मात्र मैदान भरवणाऱ्यांनी आधीच जाहीर पाठिंबा द्यायला हवा, म्हणजे प्रेक्षकांच्या ओरड्यापुढे त्याला माघार घ्यावी लागणार नाही.